मोचनगडाची उंची किती?

मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी असा जिचा मान आहे, ती 'मोचनगड' आपल्याच भागातल्या माणसाने लिहिली, ही गोष्ट बेळगाव-निपाणीकडील मराठी घरांतून आता फारशी सांगितली जात नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांचा जन्म १८४३ साली जांबोटीस झाला. १८६७ साली निघालेल्या 'विविधज्ञानविस्तार' मासिकाच्या संपादनाची सुरुवातीची धुरा त्यांनी वाहिली, आणि 'मोचनगड' पुस्तकरूपाने आली ती १८७१ साली. कादंबरीची पार्श्वभूमी शिवकालाची. पण तिच्यातला गड कोणत्याही टोपोशीटवर दाखवता येणार नाही. तो गुंजीकरांनी रचलेला आहे. म्हणजे मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभच मुळी एका काल्पनिक गडापासून झाला, आणि तो गड कल्पिणारा माणूस सह्याद्रीच्या माथ्याशी जन्मलेला होता.

या गडाची आठवण आज काढण्यास कारण आहे. काल्पनिक प्रदेशांचे नकाशे संगणकावर काढण्याचा छंद अलीकडे तरुण पिढीत चांगलाच रुजला आहे. अद्भुत कथांसाठी, खेळांसाठी, स्वतः रचलेल्या राज्यांसाठी ही मुले 'इंकार्नेट', 'वंडरड्राफ्ट' यांसारख्या प्रणालींवर तासन्‌तास बसून नकाशे तयार करतात. छंदाबद्दल प्रस्तुत लेखकाची तक्रार नाही. उलट ज्या पिढीबद्दल 'ही वाचत नाही' अशी ओरड आपण करतो, ती पिढी आपल्या कल्पनेतल्या देशाला सीमा, नद्या, रस्ते आणि नावे देण्यासाठी एवढे कष्ट घेते, ही आनंदाची गोष्ट आहे. तक्रार आहे ती त्या नकाशांतील डोंगरांबद्दल.

या प्रणालींत डोंगर तयार मिळतात. चित्रांची एक पेटी उघडायची, त्यातले एक टोकदार, माथ्यावर पांढरे, एका बाजूला सावली असलेले शिखर निवडायचे आणि कागदावर उमटवायचे. माऊस ओढत नेला की शिखरांची रांग तयार होते. हा डोंगर किती उंच, असा प्रश्न यंत्र विचारीत नाही आणि काढणाराही स्वतःला विचारीत नाही. नदी काढण्याचे साधन निराळे. ती नदी डोंगराच्या या अंगाने येऊन त्या अंगाला बिनदिक्कत उतरली, तरी यंत्राला त्याचे काही वाटत नाही. महसुली कागदावर शिक्का उमटवावा तसा डोंगर उमटतो. आणि शिक्क्याला उंची नसते. 'मोचनगडा'चा नकाशा आज कोणी अशा प्रणालीवर काढायला बसला, तर आल्प्स पर्वतातले एखादे हिमशिखर उचलून त्यावर भगवा लावला जाईल, अशी धास्ती वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: प्रदेश काल्पनिक असला तरी त्याची उंची ठरवावीच लागते, आणि ती आपल्या डोंगरांना लागू असलेल्या नियमांनीच ठरवावी लागते. उंची न ठरवता काढलेल्या कागदाला चित्र म्हणावे. नकाशा म्हणू नये. आणि हा प्रश्न केवळ रुचीचा नाही. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याची झळ इतरांपेक्षा अधिक लागते. ती कशी, हे पुढे येईलच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: 'कल्पनाच ती! तिला कसले आले मोजमाप?' हा आक्षेप कल्पनेचा कैवार घेतल्यासारखा दिसतो, पण तो कल्पनेलाच कमी लेखणारा आहे. कथेतला राक्षस उडू शकतो, कारण उडणे हा त्याच्या जगाचा नियम आहे. पण कथेतला नायक जर पायी चालत असेल, तर चढावर तो थकलाच पाहिजे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८८१ साली आपल्या सावत्र मुलाच्या संगतीत एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी जन्मली. पुढे तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे जाताना गहाळ झाला, आणि छापलेल्या मजकुरातील प्रत्येक उल्लेख पडताळून लेखकाला तो पुन्हा तयार करावा लागला. या दुसऱ्या कामाचा त्याला किती जाच झाला, हे त्याने स्वतः १८९४ साली लिहून ठेवले आहे. टोल्किन याचे उदाहरण तर आजच्या मुलांना अधिक जवळचे. त्याच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या १९५५ साली निघालेल्या तिसऱ्या खंडासाठी त्याच्या मुलाने, क्रिस्टोफरने, जो मोठ्या प्रमाणावरचा नकाशा काढला, त्यात डोंगर समोच्च रेषांनी दाखवले आहेत. ज्याच्या कथेत बुटके, जादूगार आणि चालणारी झाडे आहेत, त्यालाही आपली माणसे किती वेळात किती चढून जातील, याचा हिशेब सुटला नाही. मग आपल्यालाच तेवढी सूट कोणी दिली?

कोणताही काल्पनिक नकाशा पुढे आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत. पाणी कोठे जाते? गाडी कोठून चढते? कोण कोणाला पाहू शकतो? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे उंचीशिवाय देता येत नाहीत.

पहिला प्रश्न पाण्याचा. त्याचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. गुंजीकरांच्या जांबोटीहून चोर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याने पुढे गेले की कणकुंबी लागते. तेथे मलप्रभेचा उगम आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटर उंचीवर. अरबी समुद्र तेथून हाकेच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ. पण मलप्रभा त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते, सुमारे ३०० किलोमीटर चालून कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. त्याच कणकुंबीच्या परिसरातला कळसा नाला मात्र पश्चिमेकडे उतरतो, म्हादईला मिळतो आणि गोव्यातून अरबी समुद्र गाठतो. एकाच गावच्या रानात पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांची ताटातूट होते ती कशाने? मध्ये हिमशिखर नाही, आकाशाला भिडलेला कडा नाही. आहे ती पाणी दुभागणारी एक धार; पायी चालणाऱ्याला ती ओलांडल्याचे कळायचेही नाही. याच धारेवरून पाणी पलीकडे वळवायचे की नाही, यासाठी कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र ही राज्ये वर्षानुवर्षे भांडत आली. २०१० साली लवाद नेमला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याचा निवाडा आला, त्यात कळसा आणि भांडुरा या नाल्यांतून मलप्रभेत वळवण्यासाठी ३.९ टीएमसी पाणी मान्य झाले, आणि तरीही वाद सर्वोच्च न्यायालयात गेलाच. ज्या धारेसाठी एवढे सगळे झाले, ती धार शिक्क्याच्या नकाशात दाखवताच येत नाही. तेथे एक तर टोकदार पर्वत असतो, नाही तर कोरा कागद.

दुसरा प्रश्न गाडीचा. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांच्या कैफियतींत पूर्वज वेंगुर्ल्याकडून किंवा सावंतवाडीकडून रामघाटाने अथवा आंबोलीने वर आल्याचा उल्लेख असतो. त्या चढाचा हिशेब करून पाहावा. घाटाखालचे गाव १०० मीटरवर आणि घाटमाथा ७०० मीटरवर धरला, तर चढ ६०० मीटरचा होतो. भरल्या बैलगाडीला वीस मीटर चालीत एक मीटर चढ सोसतो असे मानले, तर ६०० मीटरसाठी १२ किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता हवा. सरळ रेषेत तेच अंतर नकाशावर तीन-चार किलोमीटर दिसत असेल. म्हणूनच गाडीरस्ते होण्यापूर्वी घाटांतून गाड्या चढत नव्हत्या. बैलांच्या पाठीवर गोणी लादलेले तांडे चढत होते. कोकणचे मीठ वर येई आणि देशावरचे धान्य खाली जाई, ते असे. आता काल्पनिक राज्यातला सेनापती जर तोफांचे गाडे घेऊन एका रात्रीत डोंगररांग ओलांडणार असेल, तर त्याचा लेखक त्या रांगेची उंची आणि रस्त्याचा चढ सांगण्यास बांधलेला आहे. निपाणीकर मंडळींना हे शिकवायला नको. तवंदीच्या घाटात भरलेला ट्रक कसा कण्हत चढतो, हे त्यांनी जन्मभर ऐकले आहे.

तिसरा प्रश्न नजरेचा. गडाचे गडपण तटबंदीत जेवढे आहे, तेवढेच ते त्याच्या नजरेत आहे. राजहंसगडावर उभे राहिले की बेळगावचा सगळा परिसर डोळ्यांखाली येतो. भीमगडाला खानापूरच्या दाट रानाचा आणि म्हादईच्या खोऱ्याचा वेढा आहे. वल्लभगडाची नजर संकेश्वरच्या मुलुखावर. चंदगड तालुक्यातले महिपाळगड, कलानिधीगड, गंधर्वगड, पारगड हे प्रत्येक जण आपापल्या वाटा धरून बसले आहेत. एका गडावरून दुसऱ्यावर आगटी पेटवून इशारत द्यायची, तर मधली धार आड येते की नाही हे पाहावे लागते. अंतर ३० किलोमीटर असेल तर पृथ्वीची वक्रताच साधारण ६० ते ७० मीटर उंची झाकून टाकते. दोन गड नकाशावर शेजारी दिसतात म्हणून ते एकमेकांना दिसतात, असे समजणारा लेखक आपल्या किल्लेदाराला आंधळ्या गडावर बसवतो.

येथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक विचार करण्यासारखा आहे. 'जुन्या नकाशांतही डोंगर चित्रासारखेच असत. पेशवेकालीन नकाशे पाहा.' खरे आहे. आपल्याकडील जुन्या नकाशांत डोंगर समोरून दिसावेत तसे, ओळीने काढलेले आढळतात. युरोपातही समोच्च रेषेचा वापर रुळायला अठरावे शतक उलटावे लागले. स्कॉटलंडमध्ये १७७४ साली एका पर्वताचे वजन काढण्याच्या प्रयोगात चार्ल्स हटन याला असंख्य उंचीबिंदूंचा गुंता सोडवायचा होता. तेव्हा सारख्या उंचीचे बिंदू रेषेने जोडण्याची युक्ती त्याने वापरली. १७९९ साली लेमान या जर्मन अधिकाऱ्याने उतार जितका तीव्र तितक्या जाड रेघोट्या मारण्याची पद्धत नियमबद्ध केली. त्यापूर्वीचा डोंगर चित्रातलाच होता, हे मान्य. पण त्या चित्राला पाहणारा डोळा होता. काढणाऱ्याने तो डोंगर खालून पाहिला होता, त्याच्या सोंडेवरून कोणी तरी चढले होते, आणि कोणत्या अंगाने वाट आहे हे त्या चित्राला ठाऊक होते. संगणकाच्या पेटीतला डोंगर कोणाचाच पाहिलेला नाही. तो दहा हजार नकाशांत तोच आहे. जुन्या नकाशाचा दाखला देऊन त्याचे समर्थन करणे म्हणजे हस्तलिखित पोथीचा दाखला देऊन रबरी शिक्क्याचे समर्थन करण्यासारखे आहे.

शिवाय हा पेटीतला डोंगर परका आहे. टोकदार शिखरे हिमनद्यांनी तासलेल्या पर्वतांची असतात. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरावर थर बसून झालेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे थर. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, पुन्हा कडा, पुन्हा उतार. या खडकाला 'ट्रॅप' हे जे नाव पडले, ते पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. म्हणून आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो आणि वर गेल्यावर बहुधा सपाट होतो. गड वसवायला जागा मिळते ती त्या सपाटीमुळे, आणि गड राखता येतो तो त्या कड्यामुळे. पश्चिमेला भिंतीसारखा तुटलेला आणि पूर्वेला सावकाश उतरणारा, असा हा दोन अंगांना दोन स्वभाव असलेला पर्वत आहे. गोकाककडे गेले की खडक बदलतो. वालुकाश्माच्या कड्यावरून घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली झेपावते, आणि डोंगराचे रूपही पालटते. एवढे वैविध्य एका जिल्ह्यात असता आपल्या मुलांनी कल्पनेतला प्रत्येक डोंगर बर्फाच्या टोपीसह काढावा?

आपली भाषा या बाबतीत यंत्रापेक्षा पुढे आहे. कडा, सोंड, माची, बालेकिल्ला, खिंड, नाळ, घळ, धार, दांड, टेकाड, सडा, माळ, लवण, बेचका: यातला प्रत्येक शब्द उंची आणि उतार यांचे एक निराळे नाते सांगतो. 'घाटावर', 'तळकोकण', 'देशावर' असे म्हणताना मराठी माणूस दिशा सांगतो त्याच दमात उंचीही सांगतो. ही शब्दसंपत्ती एका तयार चित्राच्या हवाली केली, की चार पिढ्यांत ती कोशापुरती उरेल. नकाशावर सोंड काढायची सोयच नसेल, तर 'सोंड' हा शब्द मुलाने वापरावा कशाला?

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे: 'एवढे सारे करायला सर्वेक्षण खात्याचा माणूस व्हावे लागेल.' तीस वर्षांहून अधिक काळ टोपोशीट टेबलावर पसरून कामे केलेल्या माणसाच्या अनुभवाने सांगतो, की हे काम अवघड नाही. फक्त त्याचा क्रम उलटा आहे. शिक्क्याच्या नकाशात डोंगर आधी आणि नदी मागाहून येते. ती रीत सोडावी. आधी किनारा ठरवावा, मग नद्यांच्या रेषा काढाव्यात, आणि दोन नद्यांच्या मधोमध पाणी दुभागणाऱ्या धारा काढाव्यात. धारेवरच्या शिखरांना आणि खिंडींना आकड्यांत उंची द्यावी. त्यानंतर समोच्च रेषा. ५० हजारांस एक या प्रमाणाच्या टोपोशीटवर त्या बहुधा २० मीटरच्या अंतराने असतात. काल्पनिक गडासाठी तेच अंतर चालेल. या रेषा एकमेकींना छेदीत नाहीत. नदी ओलांडताना त्यांचे टोक उगमाकडे वळते आणि सोंडेवर उताराकडे. दोन रेषा कागदावर एक मिलिमीटरवर आल्या, तर जमिनीवर ५० मीटरांत २० मीटर चढ आहे असे समजावे. बैलगाडीचा प्रश्नच मिटला. माणसालाही हात टेकावे लागतील.

हे सारे 'क्यूजीआयएस' या मोफत प्रणालीत करता येते. २००२ पासून ती विकसित होत आली आहे आणि कोणालाही घरच्या संगणकावर उतरवून घेता येते. प्रत्येक रेषेला तिची उंची जोडावी आणि रेषांमधली जमीन यंत्राकडून भरून घ्यावी. मात्र केवळ समोच्च रेषा दिल्या तर यंत्र शिखरे कापून सपाट करते आणि उतारांवर खोट्या पायऱ्या पाडते. म्हणून शिखरांचे उंचीबिंदू आणि ओढ्यांच्या रेषाही द्याव्यात. मग छाया पाडावी. रूढी अशी की प्रकाश वायव्येकडून, ४५ अंशांच्या उंचीवरून यावा. हा सूर्य खरा नव्हे, संकेताचा आहे. पण तो आग्नेयेला नेला तर पुष्कळांच्या डोळ्यांना दरीची धार आणि धारेची दरी दिसू लागते. रंग देताना सखल भाग हिरवा आणि उंच भाग तपकिरी ही शाळेतली रीत जपून वापरावी. तो हिरवा रंग झाडीचा नाही, उंचीचा आहे, हे अनेकांना शाळा सुटल्यावरही कळत नाही. आणि उंची उठून दिसावी म्हणून ती दुप्पट फुगवली असेल, तर नकाशाच्या कोपऱ्यात तसे प्रामाणिकपणे लिहावे. समोच्च रेषा वाचकाला क्लिष्ट वाटतात म्हणून छापताना हव्या तर वगळाव्यात. लेखकाच्या टेबलावरच्या प्रतीत त्या असल्याच पाहिजेत.

आरंभी सरावासाठी खरी जमीन घ्यावी. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. ती माहिती आज मोफत उपलब्ध आहे. आपल्या इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहावरून तयार केलेले उंचीचे प्रतिमान मिळते. जांबोटी-कणकुंबीचा तुकडा उतरवून घ्यावा आणि त्यात पाण्याची वाट शोधावी. पण तेथेही डोळे झाकून विसंबू नये. रडारला दाट रानात जमिनीऐवजी झाडांचा शेंडा लागतो, त्यामुळे भीमगडच्या अरण्यातली उंची काहीशी फुगलेली मिळते. आणि ९० मीटरच्या चौकटीत मोजलेला १०० मीटरचा उभा कडा ४८ अंशांचा उतार होऊन बसतो. ज्या कड्याच्या भरवशावर गड उभा, तोच माहितीत विरघळतो. कडा परत उभा करायचा तो पाहिलेल्या माणसानेच. आणि हा तुकडा जसाच्या तसा उचलून नाव बदलून आपला म्हणून खपवणे हेही शिक्क्याचेच दुसरे रूप आहे. नियम शिकावा, जमीन आपली आपण रचावी.

आता सीमाभागाच्या झळेविषयी. १ नोव्हेंबर १९५६ नंतर आपल्या घरांतून नकाशा या वस्तूला एकच अर्थ उरला: रेषा. पाटसकर तत्त्वे आपण तोंडपाठ केली, त्यात खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक संलग्नता. महाजन आयोग १९६६ साली आला आणि १९६७ साली त्याने अहवाल दिला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या वादात कोणाची बाजू किती खरी, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. विषय एवढाच, की या साऱ्या काळात आपल्या भिंतींवर लागलेले नकाशे सपाट होते. त्यांत गावांचे ठिपके होते आणि मधून गेलेली एक रेषा होती. चंदगडच्या डोंगरात उगवलेली घटप्रभा आणि तिच्याकडे जाणारी ताम्रपर्णी, आंबोलीजवळ उगम पावून आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वराकडे येणारी हिरण्यकेशी, निपाणीजवळून वाहणारी वेदगंगा, यांच्या पाण्याने ती रेषा कधीच मानली नाही, हे त्या नकाशांवर दिसत नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात बंद पडला, तेव्हा पाणी कोणत्या राज्यातून कोणत्या राज्यात आले हा प्रश्न फिजूल ठरला. ते उंचावरून सखलात आले, इतकेच. कानडीत गुड्ड म्हणा, मराठीत डोंगर म्हणा. समोच्च रेषेला मातृभाषा नसते.

मुलगा आपल्या कल्पनेतल्या राज्याचा नकाशा काढतो तेव्हा तो काय आधी काढतो, हे एकदा निरखून पाहावे. बहुतेक मुले आधी सीमारेषा काढतात आणि मग रिकाम्या जागेत डोंगर भरतात. ही सवय त्यांना यंत्राने लावलेली नाही. ती आपल्या भिंतींनी लावली आहे. यंत्राने फक्त ती सोयीची केली. खेळातही जमिनीआधी रेषाच सुचावी, इतके आपण तिला डोक्यावर घेतले. जो मुलगा आधी पाणी काढील, मग धार, मग वाट, आणि सर्वांत शेवटी सीमा, त्याला सीमा कोठे टिकते आणि कोठे टिकत नाही, हे कोणी न शिकवता उमगेल. पुढे मोठेपणी त्याच्यापुढे म्हादईचा कागद येवो, पुराचा अहवाल येवो, की सीमेचा दावा, तो आधी विचारील: येथे जमीन किती उंच आहे? सरकारी बैठकांतून हा प्रश्न फार थोड्यांनी विचारलेला प्रस्तुत लेखकाने ऐकला आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. काल्पनिक कथेसोबत नकाशा छापणाऱ्या मराठी प्रकाशकांनी नकाशा स्वीकारण्यापूर्वी चित्रकाराकडे उंचीचे आकडे मागावेत. शाळा-वाचनालयांतून नकाशांच्या स्पर्धा घेणाऱ्यांनी पाणी, गाडी आणि नजर या तीन प्रश्नांची उत्तरे न देणाऱ्या नकाशास बक्षीस देऊ नये, मग तो कितीही देखणा असो. आणि आपल्यासारख्या साहित्य मंडळांनी गुंजीकरांचे ऋण फेडायचे मनात आणलेच, तर त्यांच्या तसबिरीला हार घालून थांबू नये. 'मोचनगड' पुन्हा वाचावी, तिच्यातल्या वाटा, चढ आणि अंतरे टिपून काढावीत, आणि त्या गडाचा समोच्च रेषांचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. दोन मुलांचे नकाशे जुळणार नाहीत. न जुळोत. प्रत्येकाला आपल्या गडाची उंची किती, हे मात्र आकड्यात सांगता आले पाहिजे, आणि ती तेवढीच का, हे कादंबरीच्या पानावर बोट ठेवून पटवता आले पाहिजे.